शनिवारवाडा ब्लॅक अँड व्हाइट रोलवर: दिल्ली दरवाजा सहा महिने सावलीत असतो त्याचं काय करायचं

पार्श्वभूमी

ही केस माझ्या एका मैत्रिणीची आहे. नाव देत नाही, ती म्हणाली लिही पण नाव नको. पुण्यातलीच, पेठांत वाढलेली, नोकरी सांभाळून फोटो काढते आणि गेली काही वर्षं फक्त फिल्मवर काढते. डेव्हलपिंगला मी बहुतेक वेळा तिच्यासोबत असायचो आणि वाड्यावरही बऱ्याचदा गेलो, त्यामुळे काय ठरलं, का ठरलं हे जवळून बघितलंय.

तिला शनिवारवाड्याची एक सिरीज करायची होती. पंधरा-वीस प्रिंट, सगळ्या ब्लॅक अँड व्हाइट, सगळ्या फिल्मवरून. वाडा का, तर पुणेकर ज्या वास्तूवरून रोज जातो आणि जिच्याकडे बघत नाही ती हीच. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला पायाभरणी केली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला जी आग लागली त्यात आतलं लाकडी बांधकाम सगळं गेलं. राहिलं काय, तर तटबंदी, बुरूज, दरवाजे, जोती आणि हजारी कारंजाचा हौद. म्हणजे आज आपण ज्याला वाडा म्हणतो तो खरं तर वाड्याची भिंत आहे, आत मोकळी जागा आणि लॉन. मला वाटतं या विषयाचं मर्म इथेच आहे, कारण फोटो काढायला जे उरलंय ते सगळं दगड, वीट, लोखंड आणि दरवाज्यांचं लाकूड, आणि या गोष्टी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फार सुंदर येतात, फक्त त्यांच्यावर उजेड बरोबर पडायला हवा.

सामान साधं होतं. निकॉन एफएम२, ५० एमएम लेन्स, आणि इलफर्डची एचपी फाइव्ह प्लस ही फिल्म, ४०० आयएसओ (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). रोल सुटे न घेता १०० फुटांचा टिन घेतला होता, त्यातून ३६ एक्सपोजरचे अठरा-एकोणीस रोल निघतात, बल्क लोडरमध्ये, म्हणजे सुट्या कॅसेट भरायच्या डब्यात, घालून घरी भरायचे. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर इमेज उमटवणारं द्रावण, डी-७६, तोही घरीच बनवलेला. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि पाणी एक लिटरपर्यंत. केमिकल बाजारात सुटी मिळतात आणि डिजिटल वजनकाटा असला की झालं.

अडचण

सुरुवात थंडीत केली. सगळ्यांसारखाच विचार, की थंडीत आकाश स्वच्छ, ऊन मऊ, सकाळी धुकं असतं नदीकडे, फोटोला याहून चांगला सीझन कुठला. पहिले काही रोल धुतले आणि दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक फ्रेमची एकच कथा. आकाश निगेटिव्हमध्ये काळंकुट्ट, म्हणजे प्रिंटमध्ये कागदासारखं पांढरं, आणि दरवाजा-बुरूज निगेटिव्हमध्ये इतके पातळ की स्कॅनमध्ये वर उचलले तर नुसता ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे. दगडाचे सांधे नाहीत, विटांचे थर नाहीत. बाजीरावाच्या अश्वारूढ पुतळ्याचा नुसता काळा आकार.

आधी वाटलं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर गंडलाय. मग वाटलं डेव्हलपर जुना झाला. तेही नव्हतं, त्याच रोलवरच्या घरातल्या फ्रेम्स व्यवस्थित होत्या.

कारण होतं दिशा. दिल्ली दरवाज्याला दिल्ली दरवाजा म्हणतात कारण तो उत्तरेकडे तोंड करून आहे, हे शाळेत असल्यापासून सगळ्यांना पाठ असतं. पण कॅमेरा घेऊन त्याच्यासमोर उभं राहिलं की याचा अर्थ असा होतो की तुम्ही दक्षिणेकडे बघताय. आणि सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूलाच असतो. डिसेंबरात तर भर दुपारीसुद्धा पुण्यात तो क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच वर चढतो. म्हणजे सहा महिने वाड्याचं तोंड पूर्ण सावलीत, सूर्य त्याच्या पाठीमागून तुमच्या लेन्समध्ये. एफएम२ चा मीटर फ्रेमच्या मधल्या भागाला झुकतं माप देत असला तरी आकाशही मोजतोच, त्याला आकाश दिसलं की तो एक्सपोजर कमी करायला सांगतो आणि भिंत बुडते. तिने एकदा भिंतीजवळ जाऊन नुसत्या दगडाचं रीडिंग घेतलं आणि मग मागे येऊन आकाशाचं, फरक पाच-सहा स्टॉपचा आला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फिल्म बरंच सांभाळून घेते पण एकाच प्रिंटमध्ये हे दोन्ही टोकं आणायची म्हणजे कागदाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट.

पोस्टकार्डावरचा जो फोटो प्रत्येकाच्या डोक्यात आहे, समोरून, मधोमध, दोन्ही बुरूज सारखे, तो थंडीत फिल्मवर नीट निघत नाही. कलरमध्ये निळं आकाश आणि विटांचा लालसर रंग बरंच काही झाकून नेतात. रंग काढून घेतला की उजेड नसल्याचं लगेच दिसतं.

पर्याय काय होते

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो म्हणजे डिजिटलवर काढ, तीन एक्सपोजर जोड, ब्लॅक अँड व्हाइट कर. काम झालं असतं. पण तिचं म्हणणं होतं की मग मी या वास्तूबद्दल काही शिकणारच नाही, सॉफ्टवेअर सगळं सपाट करून देईल. मला हे पटलं. फिल्मने अडवलं म्हणून तर दिशा लक्षात आली.

दुसरा पर्याय लाल फिल्टर. ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की कोणीतरी लाल फिल्टर सुचवतंच, आकाश गडद होतं म्हणून. इथे थोडं थांबून सांगतो कारण हा गैरसमज खूप ठिकाणी आहे. लाल फिल्टर निळ्या आकाशाला गडद करतो, पण सूर्याच्या आजूबाजूचं आकाश निळं नसतं, पांढुरकं असतं, त्यावर फारसा परिणाम होत नाही. आणि उलट सावलीतल्या भिंतीवर जो उजेड पडतो तो निळ्या आकाशाचाच असतो, म्हणजे लाल फिल्टर नेमका तोच उजेड कापतो. जिथे आधीच उजेड कमी तिथे अजून काळोख. वर तीन स्टॉप जातात ते वेगळेच. एक रोल तरी तिने हे करून बघितलं आणि तसंच झालं.

तिसरा, एक्सपोजर वाढवून डेव्हलपिंग कमी करायचं. ४०० ची फिल्म २०० किंवा १०० धरून काढायची, म्हणजे सावलीला पुरेसा उजेड मिळतो, आणि डेव्हलपरमध्ये वेळ वीस-पंचवीस टक्के कमी, म्हणजे आकाश फार जाड होत नाही. जुन्या लोकांचं हेच सूत्र, सावलीसाठी एक्सपोजर, उजेडासाठी डेव्हलपिंग. याने निगेटिव्ह सुधारली, बरीच सुधारली. पण फोटो? सगळं दिसतंय आणि कशालाच उठाव नाही. सावलीतली भिंत सावलीतलीच राहते, तिच्यावर तिरका उजेड नसला की दगडाला पोत येत नाही.

चौथा, उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंशांवर, मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवायला लागतो. एप्रिलच्या मध्यात सकाळचे पहिले दोन तास उत्तरेच्या भिंतीवर ऊन असतं, तेही अगदी घासून जाणारं. १३ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, तिथून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला. जूनमध्ये पाऊस येतो आणि आभाळ भरतं, म्हणजे हातात राहतात एप्रिल, मे आणि जूनचे सुरुवातीचे दिवस. पण तोपर्यंत चार महिने नुसतं बसायचं का, हा प्रश्न होताच.

पाचवा पर्याय तिच्या लक्षात सगळ्यात उशिरा आला आणि तोच निर्णायक ठरला. तो म्हणजे समोरची बाजू आत्ता सोडून द्यायची आणि वाड्याला फेरी मारायची.

विषयाचं काय ठरलं

मधल्या काळात अजून एक निर्णय झाला, तो तंत्राचा नव्हता. ब्लॅक अँड व्हाइट, ग्रेन, पडका वाडा म्हटलं की अर्ध्या लोकांनी सुचवलं भुताचा अँगल घे. पौर्णिमेच्या रात्री "काका मला वाचवा" ऐकू येतं वगैरे. तिने स्पष्ट नाही म्हटलं आणि मला ते फार योग्य वाटलं. ३० ऑगस्ट १७७३ ला तिथे नारायणराव पेशव्याचा खून झाला, तो अठरा वर्षांचा होता. एका मुलाला त्याच्याच घरात मारलं गेलं ही घटना आहे, तिची करमणूक करून विकायची गरज नाही. शिवाय अँगल एकदा घेतला की प्रत्येक फोटो त्याच्यासाठी राबायला लागतो, मग दगड हा दगड राहत नाही.

लोक ठेवायचे की नाही हाही प्रश्न होता. फ्रेम रिकामी हवी असेल तर ट्रायपॉड लावून लांब एक्सपोजर द्यायचं, चालणारी माणसं पुसली जातात. पण वाडा संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय आत ट्रायपॉड नेता येत नाही. दारावरच्या काकांनी शांतपणे सांगितलं, "ताई, स्टँड नाही चालत आत, हातात धरून काढा हवे तेवढे." तिने परवानगीच्या मागे न लागता हातातच कॅमेरा ठेवायचं ठरवलं, आणि मग माणसं आपोआपच फ्रेममध्ये आली. पटांगणात संध्याकाळी बसलेले आजोबा, सहलीची पोरं, पुतळ्याखाली फोटो काढणारी कुटुंबं. माणसांमुळे उंची कळते, त्या बुरुजाखाली माणूस उभा असल्याशिवाय तो किती मोठा आहे याचा अंदाज फोटोत येतच नाही.

प्रत्यक्षात काय केलं

थंडीत दोनच प्रकारचे फोटो काढायचे असं ठरलं.

एक, मागची म्हणजे दक्षिणेची बाजू. जिथे कोणी बघायला जात नाही, भिंतीच्या कडेला दुचाक्या लावलेल्या असतात, माणसं मान खाली घालून निघून जातात. या भिंतीवर थंडीत दिवसभर ऊन. सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून ते इतकं तिरकं येतं की खालच्या काळ्या दगडाचा आणि वरच्या विटांचा फरक रंगाशिवाय दिसतो. दगडाची घडाई, विटांमधला झिजलेला चुना, कुठेतरी भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप, सगळं स्वच्छ. पाच दरवाज्यांपैकी दिल्ली आणि मस्तानी उत्तरेला, खिडकी पूर्वेला, गणेश आग्नेयेला आणि जांभूळ दरवाजा, ज्याला नारायण दरवाजाही म्हणतात, तो दक्षिणेला. लोकांना एकच दरवाजा माहीत असतो, सिरीजला बाकीचे चार मिळाले. शिवाजी रस्त्याकडची पूर्व बाजू सकाळी, बाजीराव रस्त्याकडची पश्चिम बाजू दुपारनंतर, असं वेळापत्रकच तयार झालं.

दुसरा प्रकार म्हणजे दिल्ली दरवाजाच, पण आकाश वगळून. उत्तरेचा उजेड वाईट नसतो, चित्रकार स्टुडिओची खिडकी उत्तरेला मागतात ते याचसाठी, तो दिवसभर सारखा आणि मऊ असतो. अडचण उजेडाची नव्हतीच, त्याच्या शेजारी असलेल्या आकाशाची होती. आकाश फ्रेमबाहेर ठेवलं की सहा स्टॉपचा फरक दोन-तीनवर येतो. दरवाज्यावरचे ते हत्ती अडवायला बसवलेले अणकुचीदार खिळे तिने असेच काढले. फिल्म २०० धरून, लेन्स दरवाज्याच्या अगदी जवळ नेऊन, लेन्सचं छिद्र बरंच उघडं, एफ-४ वर, त्यामुळे पुढचे दोन-तीन खिळे धारदार आणि मागची रांग विरघळत गेलेली. लोखंडावर वरून येणाऱ्या उजेडाची एक बारीक रेघ, खिळ्याच्या बुडाशी गंजाचं वर्तुळ, लाकडाची उभी भेग. हाच फोटो उन्हात काढला असता तर खिळ्यांच्या सावल्यांनी लाकूड दिसलंच नसतं. शिवाय दरवाजा दोन बुरुजांच्या आत आहे, उन्हाळ्यातही सकाळचं तिरकं ऊन बुरूज अडवतात. म्हणजे त्या खिळ्यांना हाच उजेड मिळतो आणि तो पुरेसा आहे.

मग एप्रिल-मे. समोरचे मोठे फोटो तेव्हा झाले, भल्या सकाळी, पटांगणात फक्त चालायला आलेली मंडळी. पूर्वेकडून येणारं ऊन बुरुजाच्या गोलाईवरून सरकतं, एक बाजू उजळ, मग हळूहळू करडी, मग काळी, आणि सूर्य बाजूला असल्यामुळे आकाशही ताब्यात, आता पिवळा फिल्टरसुद्धा काम करत होता. थंडीत जो फोटो कितीही धडपड करून येत नव्हता तो आता मीटर सांगेल त्या सेटिंगवर येत होता.

उन्हाळ्याने दुसरा त्रास दिला, पाण्याचा. मेमध्ये टाकीचं पाणी तीस अंशांच्या घरात. एचपी फाइव्हला डी-७६ तेवढ्याच पाण्यात एकास-एक पातळ करून २० अंशांवर ११ ते १३ मिनिटं लागतात. २० वर पाणी आणणं आणि टिकवणं अवघड, म्हणून तिने २४ अंश पक्के केले, वेळ नऊ मिनिटांच्या आसपास आणली, आणि टबात बर्फाच्या पिशव्या ठेवून डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (इमेज पक्की करणारं द्रावण), धुवायचं पाणी सगळं त्याच तापमानाला ठेवलं. नुसता डेव्हलपर थंड करून नंतर फिल्म तीस अंशांच्या नळाखाली धरली की इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या इमेजच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात, म्हणून सगळंच सारखं.

आणि नेमका मेमधल्या सगळ्यात चांगल्या सकाळचा रोल टँकमधून बाहेर आला तो दुधाळ. निगेटिव्हवर धुरकट पांढरट थर, खालची इमेज अर्धवट दिसतेय. तिचा चेहरा पडला. पण हे फिक्सर संपल्याचं लक्षण असतं आणि ते दुरुस्त होतं. नवीन फिक्सर कालवला, रोल परत आत टाकला, काही मिनिटांत काच साफ व्हावी तशी फिल्म साफ. तेव्हापासून दर वेळी रोलची कापलेली शेपटी आधी फिक्सरमध्ये टाकून बघायची सवय लागली, ताज्या फिक्सरला ती पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट लागला की फिक्सर फेकायचा.

निकाल

प्रिंट एका ओळखीच्या डार्करूममध्ये केल्या, आठ बाय दहाच्या मल्टिग्रेड कागदावर. मांडणी करताना तिने क्रम फेरीचाच ठेवला, मागच्या भिंतीपासून सुरुवात, मग पश्चिम, पूर्व, छोटे दरवाजे, खिळे, आणि समोरचा दिल्ली दरवाजा शेवटी, तोही एकच फोटो. तिच्याकडे समोरचे बरेच चांगले फोटो होते आणि त्यातला एकच ठेवणं तिला जड गेलं, मी सुद्धा दोन ठेव म्हणत होतो. पण तिचं बरोबर होतं, दुसरा आला की सिरीज परत पोस्टकार्डकडे झुकत होती.

ओळखीच्यांना, नातेवाइकांना, पेठेतल्या जुन्या लोकांना दाखवल्या तेव्हा पहिल्या तीन-चार प्रिंटला बहुतेकांना हे शनिवारवाडा आहे हे कळलंच नाही. एका काकांनी मागच्या भिंतीचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अरे, इथून तर मी रोज जायचो शाळेत." मला सिरीज जमली असं वाटतं ते या वाक्यामुळे.

जमलं नाही तेही सांगतो. आतला भाग कमजोर राहिला. जोती, हजारी कारंजाचा हौद, लॉन, हे सगळं आडवं पसरलेलं आहे आणि ५० एमएमच्या एका लेन्सने ते कवेत येत नाही. तटावर चढून वरून काढलेल्या फ्रेम्स बऱ्या आहेत पण आतला फोटो म्हणून पोचत नाहीत. दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्याचं लाकडी काम अंधारात, ट्रायपॉड नसल्याने शटर एक-तीसच्या (सेकंदाचा तिसावा भाग) खाली नेता येईना, त्या फ्रेम्स फिल्म १६०० ला ढकलून, म्हणजे १६०० धरून आणि जास्त डेव्हलप करून, काढल्या आणि बाकीच्या सिरीजशेजारी त्यांचा ग्रेन खटकतो. शेवटी त्या वगळल्या.

परत करायचं झालं तर

कॅमेरा काढायच्या आधी कंपास काढायचा. वास्तूची कुठली बाजू कुठल्या दिशेला आहे आणि वर्षात कधी कुठे ऊन येतं हे फोनवर दहा मिनिटांत कळतं, आणि भारतात आपण ज्या अक्षांशांवर आहोत तिथे उत्तरेच्या भिंतींना हा प्रश्न येणारच. गेटवेसारखी पूर्वेला समुद्राकडे तोंड करून असलेली वास्तू असेल तर वेगळा हिशोब, तिथे सकाळ सोडली की समोरची बाजू सावलीत. प्रत्येक वास्तूचं आपलं वेळापत्रक असतं आणि सिरीजचा आराखडा त्यातून काढावा असं माझं ठाम मत आहे.

ट्रायपॉडची परवानगी सुरुवातीलाच अर्ज करून मागायला हवी होती, निदान नगारखान्यासाठी. हातात कॅमेरा ठेवण्याचा निर्णय बाहेरच्या फोटोंसाठी उत्तम ठरला, आतल्यांसाठी नाही, आणि हे दोन निर्णय वेगवेगळे घेता आले असते. एक्सपोजरच्या नोंदी थंडीतल्या रोलच्या नाहीत, उन्हाळ्यातल्या आहेत, त्यामुळे २०० धरलेली फ्रेम कुठली आणि १०० ची कुठली हे आता निगेटिव्हकडे बघून ओळखावं लागतं. घरी भरलेल्या कॅसेटवर तारीख आणि आयएसओ लिहिलेली चिकटपट्टी लावायची, एवढंच काम होतं.

लेन्सबद्दल आमचं अजून एकमत नाही. मी म्हणतो आतल्या भागासाठी २८ एमएम घ्यावी. ती म्हणते मग भिंतीही २८ ने काढाव्याशा वाटतील आणि सगळं वाकडं होईल. सध्या ती नगारखान्यासाठी परवानगीचा अर्ज करतेय, लेन्स तीच, ५०.